महाविद्यालयीन फुटबॉलमधील खेळाडूंची स्थलांतरे : क्रियापद, नियम आणि स्मृती

१. प्रास्ताविक

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूंच्या हकीकती विपुल आहेत. त्यांपैकी काही सर्वतोमुखी झाल्या. बहुसंख्य मात्र संघांच्या जुन्या नामावल्यांत पडून आहेत. काही स्थलांतरे स्मरणात का राहिली आणि इतरांचा विसर का पडला, असा प्रश्न केल्यास सामान्यतः उत्तर मिळते ते असे की, ज्यास यश लाभले तो स्मरणात राहिला. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊन मोठे यश मिळविलेले अनेक खेळाडू असे आहेत की, त्यांचे यश लोकांस ठाऊक आहे, पण त्यांचे स्थलांतर ठाऊक नाही. म्हणजे विसर पडला आहे तो माणसाचा नसून त्याच्या जाण्याचा. या विस्मृतीचे कारण काही अंशी भाषेत शोधता येते, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे न्यावयाचा, असा हा अमेरिकन खेळ आहे. त्यातील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रट्गर्स व प्रिन्स्टन यांच्यात झालेल्या सामन्याचा निर्देश केला जातो. या खेळातील 'क्वार्टरबॅक' म्हणजे चेंडू प्रथम हाती घेऊन डावाची दिशा ठरविणारा खेळाडू. महाविद्यालयीन खेळाडूंपैकी सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्यास १९३५ पासून प्रतिवर्षी जे पारितोषिक दिले जाते, ते पुढे 'हाइझमन' या नावाने प्रसिद्ध झाले. या दोन संज्ञा लेखात वारंवार येतील.

२. तीन रचना

ज्या इंग्रजी शब्दाने हे स्थलांतर सांगितले जाते तो 'ट्रान्सफर' हा शब्द. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पलीकडे वाहून नेणे' असा आहे. इंग्रजीत हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही आहे. त्यामुळे माणूस स्वतः गेला काय किंवा त्यास कोणी पाठविले काय, शब्द एकच राहतो. मराठीत मात्र हा भेद झाकता येत नाही. पुढील तीन वाक्ये पाहावी :

(अ) त्याने महाविद्यालय बदलले.
(आ) त्याची बदली झाली.
(इ) त्याने बदली करून घेतली.

पहिल्या वाक्यात जाणारा हा कर्ता आहे. क्रिया त्याची व निर्णयही त्याचा. दुसऱ्यात बदली करणारा अध्याहृत आहे. ज्याची बदली झाली तो षष्ठीत ढकलला गेला आहे. सरकारी नोकराच्या संदर्भात ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, बदली करणारा कोण, हा प्रश्न आपण सहसा विचारीतही नाही. तिसरे वाक्य अर्थदृष्ट्या सर्वांत गुंतागुंतीचे होय. 'करून घेतली' या संयुक्त क्रियापदात अधिकार दुसऱ्याचा आणि खटपट जाणाऱ्याची, असा दुहेरी अर्थ आहे. ज्याच्यापाशी अधिकार आहे त्याचे मन वळवून, अर्ज करून, वाट पाहून मिळविलेली ती बदली असते.

अमेरिकन फुटबॉलमधील स्थलांतरांचा सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास या तीन रचनांच्या आधारे चार कालखंडांत मांडता येतो. प्रारंभी नियम नव्हते, तेव्हा पहिली रचना लागू होती. दुसऱ्या महायुद्धात दुसरी रचना आली. त्यानंतर २०१८ पर्यंत तिसरीचे राज्य होते. आज पुन्हा पहिली रचना प्रचारात येत आहे. लोकस्मृतीने या तीन रचनांना सारखी वागणूक दिलेली नाही. तिसरी रचना तिने जपली आणि दुसरी टाकून दिली.

३. भटके आणि तोतये

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयीन संघात कोणी खेळावे यासंबंधी निर्बंध फार शिथिल होते. एका हंगामात एका महाविद्यालयाकडून व पुढच्या हंगामात दुसऱ्याकडून खेळणारे लोक त्या काळी सर्रास आढळत. त्यांना इंग्रजीत 'ट्रँप ॲथलीट', म्हणजे भटके खेळाडू, असे म्हणत. त्याहून कडक शब्द 'रिंगर' हा होता. तो घोड्यांच्या शर्यतींच्या परिभाषेतील आहे; दुसऱ्याच्या नावावर चोरून धावविलेला घोडा तो रिंगर. मराठीत त्यास 'तोतया' हा शब्द अगदी नेमका लागू पडतो.

या वर्गातील सर्वांत बोलके उदाहरण फील्डिंग योस्ट याचे आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात योस्ट हा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी असून तेथील संघात खेळत होता. त्या संघाचे सामने लाफायेट महाविद्यालयाशी झाले आणि वेस्ट व्हर्जिनियाचा पराभव झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत योस्ट लाफायेटच्या संघातून मैदानात उतरला, तोही पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या बलाढ्य संघाविरुद्धच्या सामन्यात. लाफायेटने तो सामना ६-४ असा जिंकला. सामना आटोपल्यावर योस्ट वेस्ट व्हर्जिनियास परतला आणि १८९७ साली तेथूनच त्याने कायद्याची पदवी घेतली. लाफायेट येथे आपण अध्ययनार्थ गेलो होतो, हे त्याचे म्हणणे कितपत ग्राह्य मानावे, हे वरील कालक्रमावरून वाचकांनीच ठरवावे.

या प्रकरणाचा पुढील भाग इतिहासलेखनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. योस्टला लाफायेटच्या संघात खेळविणारा प्रशिक्षक पार्क डेव्हिस हा पुढे या खेळाचा नामांकित इतिहासकार झाला. जुन्या हंगामांतील राष्ट्रीय विजेते कोण, हे त्याने मागाहून निश्चित केले, तेव्हा १८९६ च्या विजेतेपदाचा मान त्याने प्रिन्स्टन व लाफायेट यांना विभागून दिला. लाफायेटच्या विजयाची नोंद अशा रीतीने पक्की झाली. त्यासाठी आठवड्यापुरता आलेल्या खेळाडूची कथा मात्र तळटीपेत गेली. योस्टचे नाव आज स्मरले जाते ते मिशिगनचा प्रशिक्षक म्हणून. १ जानेवारी १९०२ रोजी झालेल्या पहिल्या रोझ बोल सामन्यात त्याच्या संघाने स्टॅनफर्डला ४९-० असे हरविले होते.

या अनाचाराची प्रतिक्रिया उमटणे अपरिहार्य होते. १९०५ च्या हंगामातील मृत्यू व दुखापती यांमुळे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना या खेळाच्या प्रश्नात लक्ष घालावे लागले आणि त्यातूनच जी संघटना निर्माण झाली, तिला १९१० मध्ये 'नॅशनल कॉलिजिएट ॲथलेटिक असोसिएशन' हे नाव मिळाले. यापुढे तिचा निर्देश 'राष्ट्रीय संघटना' असा करू. मध्यपश्चिमेकडील विद्यापीठांच्या 'वेस्टर्न कॉन्फरन्स' या संघाने १९०६ साली एक वर्ष निवासाची व तीन वर्षांच्या खेळमर्यादेची अट घातली. या सुधारणांवरून झालेल्या मतभेदांमुळे योस्टचे मिशिगन त्या संघातून बाहेर पडले आणि १९१७ साली परत आले. नियमाने खेळाडूचे पाऊल बांधले जाण्यास येथे प्रारंभ झाला.

येथील 'निवास' या शब्दाकडे लक्ष द्यावे. नियमाची भाषा सांगते की, नव्या महाविद्यालयात विद्यार्थ्याने एक वर्ष 'निवास' करावा. खेळाडूंच्या बोलीत त्याच वर्षाला 'बाहेर बसणे' म्हणतात. एकाच कालावधीस नियमकर्ता राहणे म्हणतो आणि भोगणारा बसणे म्हणतो. पहिला शब्द अभ्यासाकडे बोट दाखवितो, तर दुसरा गमावलेल्या खेळाकडे. पुढील शंभर वर्षांचा वाद या दोन शब्दांतील अंतरात सामावलेला आहे.

४. युद्धकालीन बदल्या

१ जुलै १९४३ रोजी अमेरिकन नौदलाने 'व्ही-१२' नावाची अधिकारी-प्रशिक्षण योजना देशातील १३१ महाविद्यालयांत सुरू केली. मरीन दलाचे उमेदवारही तीत समाविष्ट होते. प्रशिक्षणार्थी कोणत्या महाविद्यालयात जाणार हे नौदल ठरवी. तेथे गेल्यावर त्यास त्या महाविद्यालयाच्या संघातून खेळण्याची मुभा असे. भूसेनेने मात्र आपल्या प्रशिक्षणार्थींना अशी परवानगी दिली नव्हती. परिणाम असा झाला की, एखाद्या तरुणाचा खेळ चालू राहील की थांबेल हे त्याच्या दलावर आणि कोणत्या संघातून चालेल हे लष्करी हुकमावर अवलंबून राहिले. स्थलांतराचे सर्व प्रचलित नियम त्या काळापुरते बाजूस पडले. निवासवर्षाची अट घालणार तरी कोणाला? जाणारा स्वतः गेलाच नव्हता.

एलरॉय हर्श हा १९४२ मध्ये विस्कॉन्सिनकडून खेळला. १९४३ मध्ये मरीन प्रशिक्षणार्थी म्हणून त्याची रवानगी मिशिगनला झाली. तेथे एका शैक्षणिक वर्षात फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल व धावणे-उड्या या चारही क्रीडाप्रकारांत त्याने विद्यापीठाचे मानचिन्ह मिळविले. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यास मोठी कीर्ती लाभली आणि १९६९ पासून तो विस्कॉन्सिनचाच क्रीडासंचालक झाला. लोकस्मृतीत तो विस्कॉन्सिनचा आहे; मिशिगनमधील त्याचे वर्ष केवळ अभ्यासकांच्या परिचयाचे.

बार्नी पूल याचा प्रवास तर याहून विलक्षण आहे. १९४२ मध्ये तो मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला, १९४३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून, १९४४ ते १९४६ या काळात वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमीकडून आणि १९४७-४८ मध्ये पुन्हा मिसिसिपीकडून. सात हंगाम, तीन संस्था आणि शेवटी आरंभस्थानी परत! आजच्या काळात अशी कारकीर्द कोणी केली असती, तर तीवर वृत्तपत्रांचे रकाने भरले असते. पूलच्या बाबतीत ती त्याच्या चरित्रातील एक ओळ होऊन बसली आहे. त्याचा वेस्ट पॉइंटमधील सहकारी डॉक ब्लँचर्ड याने १९४५ चे हाइझमन पारितोषिक मिळविले. तोही १९४२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा विद्यार्थी होता, याची आठवण क्वचितच काढली जाते.

या कालखंडाचे खरे मोल ज्यावरून कळते, ते उदाहरण इलिनॉय विद्यापीठाचे होय. या विद्यापीठाचे काही उत्तम खेळाडू १९४३ मध्ये मरीन प्रशिक्षणासाठी इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात पाठविले गेले. त्यांच्या बळावर पर्ड्यूचा संघ त्या हंगामात नऊही सामने जिंकून अपराजित राहिला. त्यांपैकी ॲलेक्स ॲगसी हा इलिनॉय व पर्ड्यू या दोन्ही विद्यापीठांकडून अखिल अमेरिकन संघात निवडला गेला. पॅसिफिकमधील युद्धात लढून तो परतला, १९४६ मध्ये इलिनॉयच्या संघात पुन्हा उभा राहिला आणि १ जानेवारी १९४७ च्या रोझ बोल सामन्यातील ४५-१४ अशा विजयात सहभागी झाला. दुसरा खेळाडू टोनी बुटकोविच. तोही इलिनॉयमधून पर्ड्यूत आला. १९४४ मध्ये क्लीव्हलंडच्या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. पण त्या संघातून खेळण्याचा योग त्यास आला नाही; एप्रिल १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत तो मारला गेला.

ॲगसी व बुटकोविच दोघांचीही बदली एकाच हुकमाच्या धोरणाने झाली होती. एकाची बदली संपली व तो आपल्या विद्यापीठात परतला. दुसऱ्याची संपलीच नाही. स्मरणीय स्थलांतरांच्या प्रचलित याद्यांत या दोघांपैकी कोणाचेही नाव सहसा आढळत नाही. युद्धाच्या इतिहासात ते सैनिक म्हणून येतात आणि संघाच्या इतिहासात खेळाडू म्हणून. स्थलांतर करणारे म्हणून कोठेच येत नाहीत. याचे कारण असे की, याद्या करणारे 'त्याने महाविद्यालय बदलले' या वाक्याच्या शोधात असतात. 'त्याची बदली झाली' या वाक्यास कथेचा नायक नसतो. आणि नायकाविना कथा सांगितली जात नाही.

५. एका संज्ञेचा जन्म

युद्धोत्तर काळात शिष्यवृत्तीची पद्धत रूढ होऊ लागली आणि एक नवा प्रश्न उपस्थित झाला. शिष्यवृत्ती घेऊन खेळणारा विद्यार्थी हा महाविद्यालयाचा नोकर समजावा काय? १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्यास मार लागून मृत्यू पावला. कामगार-भरपाईच्या कायद्याखाली त्याच्या पत्नीने दावा केला. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा अमान्य केला. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता.

याच दशकात राष्ट्रीय संघटनेने 'स्टुडंट-ॲथलीट', म्हणजे विद्यार्थी-क्रीडापटू, ही जोडसंज्ञा प्रचारात आणली. १९५१ ते १९८७ पर्यंत संघटनेचे कार्यकारी प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत हे स्पष्टपणे नमूद केले आहे. खेळाडू नोकर ठरू नयेत म्हणून ही संज्ञा घडविण्यात आली आणि 'खेळाडू' वगैरे शब्दांच्या जागी ती सर्व नियमांत सक्तीने घालण्यात आली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संज्ञा हेतुपुरस्सर घडविल्याची अशी कबुली खुद्द घडविणाऱ्यांपैकी एकाकडून मिळावी, हे पारिभाषिक शब्दांच्या इतिहासात विरळा होय.

स्थलांतराच्या दृष्टीने या संज्ञेचा परिणाम दुहेरी झाला. खेळाडू हा विद्यार्थी. म्हणून त्यास वेतन नाही. परंतु इतर विद्यार्थी महाविद्यालयातून नाव काढून दुसरीकडे दाखल होतात व त्याच सत्रात नाटकात किंवा वाद्यवृंदात भाग घेऊ शकतात, तसे मात्र यास करता येत नसे. तेथे तो क्रीडापटू. त्याने एक वर्ष थांबावे. संज्ञेचा कोणता घटक केव्हा प्रधान मानावयाचा, हे संज्ञा वापरणारा ठरवीत होता. प्रशिक्षकांच्या बाबतीत तर भाषाच निराळी होती. प्रशिक्षक 'नवे पद स्वीकारतो'. त्यास निवासवर्ष नाही, बसणे नाही आणि त्याच्या जाण्याला स्थलांतर असे नावही नाही.

६. 'बदली करून घेतली'

या व्यवस्थेत घडलेली स्थलांतरे हीच आज सर्वांत स्मरणीय ठरली आहेत. त्यांचे अग्रस्थान बहुधा ट्रॉय एकमन याच्याकडे जाईल. १९८४ मध्ये तो ओक्लाहोमा विद्यापीठात आला. तेथील प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांची पद्धत चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारी होती. एकमनचे बळ फेकीत होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये मायामी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्याचा घोटा मोडला. त्याच्या जागी आलेला नवखा जमेल हॉलिवे हा त्या पद्धतीस अनुरूप असल्याने संघ त्याच्याभोवती उभा राहिला आणि ओक्लाहोमाने त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. एकमनला परत जागा मिळण्याचे चिन्ह उरले नाही. तेव्हा स्विट्झर यांनी स्वतःच लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक टेरी डॉनह्यू यांच्याशी बोलणे करून त्याची वाट मोकळी केली. १९८६ चा हंगाम एकमनने बसून काढला. १९८७ व १९८८ या दोन्ही हंगामांत त्याच्या संघाने प्रत्येकी दहा सामने जिंकले. आणि १९८९ च्या व्यावसायिक निवडीत डॅलसने त्यास सर्वप्रथम निवडले. १९९५ च्या हंगामात डॅलसने जे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक स्विट्झरच होते. ज्याने जाऊ दिले त्याच्याच हाताखाली विजय, असा या कथेचा शेवट असल्याने ती पुनःपुन्हा सांगितली जाते.

रँडी मॉसने नियमातील फट शोधली. नोत्र दाम विद्यापीठाने त्यास प्रवेश नाकारला. फ्लोरिडा स्टेट येथे १९९५ चा हंगाम न खेळता गेला व नंतर ते स्थानही गेले. १९९६ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्शल विद्यापीठात आला. ते त्या वेळी खालच्या विभागात खेळत असल्यामुळे निवासवर्षाची अट लागू झाली नाही. त्या हंगामात मार्शल अपराजित राहून आपल्या विभागात विजेते ठरले.

बेकर मेफील्ड याच्या प्रकरणात तर सारा प्रश्न एका विशेषणावर येऊन ठेपला. २०१३ मध्ये तो टेक्सस टेक येथे शिष्यवृत्तीवाचून, स्वतःहून संघात दाखल झाला होता. तेथून तो त्याच कॉन्फरन्समधील ओक्लाहोमास गेला. अशा अंतर्गत स्थलांतरास बंदी घालणाऱ्या नियमामुळे २०१४ चे वर्ष त्यास बसून काढावे लागलेच, शिवाय खेळण्याच्या हक्काचे एक वर्षही वजा झाले. ज्याला शिष्यवृत्ती दिलीच नव्हती त्यास बांधून ठेवण्याचा अधिकार महाविद्यालयास कोठून आला, हा प्रश्न रास्त होता. जून २०१६ मध्ये कॉन्फरन्सच्या प्रतिनिधींनी नियम बदलण्याचा प्रस्ताव प्रथम फेटाळला. दुसऱ्या दिवशी शब्दयोजना सुधारून तो पुन्हा मांडण्यात आला : ज्यास शिष्यवृत्तीचा 'लेखी' देकार मिळालेला नाही, अशा खेळाडूचे वर्ष वजा होऊ नये. हा प्रस्ताव संमत झाला. परत मिळालेले ते वर्ष म्हणजे २०१७ चा हंगाम. आणि त्याच हंगामात मेफील्डने हाइझमन पारितोषिक मिळविले.

दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून आलेल्या खेळाडूंविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे आहे. १९६८ चा हाइझमन विजेता ओ. जे. सिम्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजातून आला होता. १९७८ च्या रोझ बोल सामन्याचा मानकरी वॉरन मून हाही अशाच महाविद्यालयातून वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. ही स्थलांतरेच होत. पण ती शिडीच्या पायरीसारखी ठरलेली असल्याने त्यांना स्थलांतर म्हणून कोणी लक्षात ठेवीत नाही. कॅम न्यूटनच्या कथेत ती पायरी उमटून दिसते, कारण तो फ्लोरिडा विद्यापीठ सोडून २००९ मध्ये टेक्ससमधील ब्लिन महाविद्यालयात उतरला आणि २०१० मध्ये ऑबर्न येथे येऊन त्याने हाइझमन पारितोषिक व राष्ट्रीय विजेतेपद ही दोन्ही मिळविली.

या कालखंडातही विस्मृत स्थलांतरे आहेत, आणि त्यांतील एक वरील विवेचनास पुष्टी देणारे आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय संघटनेने पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूस बसल्यावाचून दुसरीकडे खेळण्याची मुभा दिली. अर्बन मायर हे प्रशिक्षक २००४ च्या हंगामानंतर यूटा सोडून फ्लोरिडात गेले होते व २००५ मध्ये लगेच तेथे रुजू झाले होते. त्यांच्या हाताखाली यूटात खेळलेला रायन स्मिथ हा बचावपटू या नव्या सवलतीने २००६ मध्ये फ्लोरिडात आला आणि त्या हंगामात फ्लोरिडाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. जानेवारी २००७ मध्ये सभासद-महाविद्यालयांनी मतदान करून ती सवलत रद्द केली. ज्या वाटेने स्मिथ गेला ती वाट त्याच्यामागे बंद झाली. अटी घालून ती पुढे पुन्हा उघडण्यात आली आणि तिच्यावरून रसेल विल्सन २०११ मध्ये विस्कॉन्सिनला व जो बरो २०१८ मध्ये ओहायो स्टेटमधून लुइझियाना स्टेटला गेला. बरोने २०१९ मध्ये साठ टचडाउन फेकी करून हाइझमन पारितोषिक मिळविले व त्याचा संघ पंधराही सामने जिंकून विजेता झाला. बरो सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या आधी त्याच वाटेने गेलेला स्मिथ कोणास आठवत नाही. स्मिथला परवानगीसाठी झगडावे लागले नाही, वर्ष गमवावे लागले नाही. विजय मिळाला, पण कथा घडली नाही.

७. अनुज्ञेकडून सूचनेकडे

२०१८ पर्यंत स्थलांतर करू इच्छिणाऱ्या खेळाडूस आपल्या महाविद्यालयाकडून 'संपर्काची अनुज्ञा' घ्यावी लागे. आपल्याकडील ना-हरकत पत्रासारखाच हा प्रकार होता. अनुज्ञा नाकारल्यास नव्या ठिकाणी क्रीडाशिष्यवृत्ती मिळण्यात अडचण येई. १५ ऑक्टोबर २०१८ पासून ही पद्धत बदलली. खेळाडूने जाण्याचा मानस कळवावयाचा आणि महाविद्यालयाने दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचे नाव एका सामायिक नोंदवहीत चढवावयाचे, असे ठरले. या नोंदवहीस 'ट्रान्सफर पोर्टल' म्हणतात. अनुज्ञेच्या जागी सूचना आली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'करून घेणे' संपले व 'करणे' सुरू झाले. एप्रिल २०२१ मध्ये एकदा स्थलांतर करणाऱ्यास निवासवर्षाची माफी मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने उरलेल्या निर्बंधास स्थगिती दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने स्वतःच, अभ्यासात पात्र असलेल्यांपुरता, तो निर्बंध काढून टाकला. दरम्यान १ जुलै २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नावलौकिकावर अर्थार्जन करण्याची मुभा मिळाली होती. ६ जून २०२५ रोजी मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार महाविद्यालयांना खेळाडूंस थेट मोबदला देता येऊ लागला. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक महाविद्यालयास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर अशी होती.

२०२२ चा विजेता केलेब विल्यम्स ओक्लाहोमातून, २०२३ चा जेडन डॅनियल्स ॲरिझोना स्टेटमधून आणि २०२४ चा ट्रॅव्हिस हंटर जॅक्सन स्टेटमधून निघून अन्यत्र हाइझमन विजेता ठरला. विल्यम्स आपल्या प्रशिक्षकामागोमाग गेला व लगेच खेळला. सोळा वर्षांपूर्वी स्मिथला जे एका अल्पजीवी सवलतीमुळे साधले, ते आता सर्वसाधारण झाले.

तथापि 'पोर्टल' म्हणजे द्वार, या शब्दाने दिशाभूल होऊ नये. द्वार म्हटले की पलीकडे काहीतरी आहे असे गृहीत धरले जाते. या नोंदवहीत नाव चढविणे हे जाण्याची सूचना देणे होय. पोहोचण्याची हमी तीत नाही. नोंद केलेल्या प्रत्येकास दुसरे महाविद्यालय मिळतेच असे नाही, आणि नाव चढल्यावर जुने महाविद्यालय सत्राअखेर शिष्यवृत्ती थांबवू शकते. संघात नव्यांसाठी जागा करावी म्हणून प्रशिक्षकाने एखाद्यास नोंद करण्याचा सल्ला दिला, तर वाक्य 'त्याने महाविद्यालय बदलले' असेच लिहिले जाते. वस्तुस्थिती मात्र 'त्याला घालविले' ही असते. महायुद्धात हुकूम देणारा निदान उघड होता.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या खेळातील स्थलांतराचा इतिहास हा एका क्रियेचा इतिहास नसून कर्ता बदलत गेलेल्या निरनिराळ्या क्रियांचा आहे. इंग्रजीतील एकच शब्द त्या सर्वांवर पांघरूण घालतो. दुसरी, लोकस्मृती यशाइतकीच संघर्षावर पोसते. ज्या स्थलांतरात जाणाऱ्यास अडविणारा कोणी होता, अथवा ज्याच्या हाती अडविणे होते त्याने वाट दिली, ते टिकून राहिले. ज्यात हुकूम होता, अथवा ज्यात अडथळाच नव्हता, ते विस्मृत झाले. तिसरी गोष्ट यातूनच येते : आज अडथळे दूर झाले असल्याने स्थलांतरे अगणित झाली आहेत, आणि त्यांपैकी फारच थोडी पुढील पिढीस स्थलांतर म्हणून आठवतील.

संशोधकाने याद्यांवर विसंबू नये, हे यावरून ओघानेच येते. संघांच्या जुन्या नामावल्या वाचताना प्रत्येक नावापुढे 'गेला', 'पाठविला', 'जाऊ दिला' की 'घालविला' हे लिहून पाहावे. बुटकोविचच्या नावापुढे कोणते क्रियापद लिहावयाचे याविषयी संदेह नाही. आजच्या नोंदवहीतील असंख्य तरुणांच्या नावांपुढे मात्र ते लिहिणे सोपे नाही. आणि त्या नोंदी ताज्या आहेत, विचारणा करता येण्याजोगी माणसे हयात आहेत, तोवरच ते काम होण्यासारखे आहे.